चोइजिल गुआई आणि खालची तोटी

आमच्या आवारात संध्याकाळी सगळ्यांत आधी जमिनीकडे वाकणारा माणूस म्हणजे चोइजिल गुआई; थोरांना आम्ही मानाने गुआई म्हणतो. नवख्याला वाटायचं, म्हातारा देवभोळा असावा. ते मात्र गाड्यांच्या पोटाखाली बघत असायचे.

त्यांचं सगळं आयुष्य सरकारी वाहतूक डेपोच्या झील बनावटीच्या ट्रकवर गेलं. शहरातून पीठ घेऊन अल्ताईकडे जायचं आणि तिकडून लोकर घेऊन यायचं. त्या काळी न गोठणारं कूलंट कुणी पाहिलं होतं? इंजिनात साधं नदीचं पाणी. संध्याकाळी कुठेही मुक्काम पडला तरी आधी रेडिएटरची खालची तोटी उघडायची, वाफाळतं पाणी बर्फावर सोडायचं, हँडल मारून इंजिन थोडं फिरवायचं म्हणजे कोपऱ्यात दडलेलं पाणीही बाहेर येतं. मग माणसाचा चहा. सकाळी गोवऱ्या पेटवून कढईत बर्फ वितळवायचा, गरम पाणी भरायचं आणि निघायचं. एकदा त्यांचा एक जोडीदार पिऊन तसाच झोपला. सकाळी त्याच्या इंजिनाचा ब्लॉक चिरलेला होता, आणि खिंडीत दुसऱ्या ट्रकची वाट बघता बघता त्याच्या पायाची बोटंही गेली. तेव्हापासून चोइजिल गुआईंचा हात आपोआप तोटीकडे जायचा. त्यांची बायको जिवंत असताना सांगायची, "लग्नाच्या रात्रीसुद्धा हे मध्येच उठले. मी म्हटलं, काय झालं? तर म्हणाले, तोटी बघून येतो."

बायको गेल्यावर ते मुलीच्या, ओदगेरेलच्या, आवारात राहायला आले. आवारात एक विटांचं घर, त्यात ओदगेरेल आणि तिचा नवरा शिनेबायर. आणि कुंपणाला लागून दोन गेर, म्हणजे नमद्याचे गोल तंबू. एकात म्हातारे, दुसऱ्यात भाड्याने मी. मी त्यांच्याच बाजूचा, अल्ताईच्या वाटेवरच्या एका छोट्या गावात शिकलेला, म्हणून त्यांचा माझ्यावर जीव. म्हणजे शिव्या जास्त.

शिनेबायरकडे जपानहून आलेली, उजव्या हाताच्या स्टिअरिंगची जुनी गाडी होती. तिच्यावर तो भाडी मारायचा. मी यायच्या आदल्या हिवाळ्यात म्हाताऱ्यांनी एक पराक्रम केला होता. संध्याकाळी कुणाला न विचारता त्या गाडीची तोटी सोडली, महागाचं कूलंट मातीला पाजलं आणि सकाळी किटलीतून गरम पाणी घेऊन मोठ्या ऐटीत हजर झाले. त्यानंतर गाडीची चावी त्यांच्या हाताला लागू दिली जात नव्हती. गल्लीला मात्र कायमचा विनोद मिळाला. कुणी मुतायला निघाला की दुसरा ओरडायचा, "चोइजिल गुआई, तोटी सोडू का?" म्हातारेही हसायचे. निदान दात दाखवायचे.

त्या शरदात अल्ताईहून त्यांच्या थोरल्या बहिणीचा, हांदसुरेनचा, फोन आला. डोळे जवळजवळ गेलेत, पांढऱ्या महिन्याच्या सणाला एकदा येऊन जा, म्हणाली. ते ट्रकवर असताना तिच्या दारावरूनच रस्ता जायचा. भेट झाली की आपल्या रीतीप्रमाणे ती त्यांचा गाल हुंगायची आणि म्हणायची, "पेट्रोलचा वास येतोय, म्हणजे भाऊ गाडी घेऊन आलाय." म्हाताऱ्यांच्या डोक्यात तेवढंच बसलं. जायचं तर स्वतः गाडी चालवत.

"बसने जा की बाबा," शिनेबायर म्हणाला.

"बसमध्ये मी सामान म्हणून जाईन काय?"

"माझी गाडी तापते. घाटात वाफ सोडेल."

"पोट साफ नाही तिचं म्हणून तापते. मी धुऊन देतो."

शिनेबायर माझ्याकडे बघून हसला. "ठीक आहे. तापायची थांबवून दाखवा. चावी तुमची. सणाला तुम्हीच चालवा."

"ओदगेरेल, ऐकलंस ना?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

"ऐकलं," ती म्हणाली. भांडी घासता घासता, पण म्हणाली.

धुण्याचा तो दिवस मला पक्का आठवतो, कारण पाणी मी वाहिलं. आमच्याकडे नळ नाहीत. गल्लीच्या टोकाला पाण्याची टपरी आहे, तिथून कॅन भरून हातगाड्यावर ओढत आणायचे. गाडी पूर्ण गार झाल्यावर म्हाताऱ्यांनी झाकण काढलं, खाली जुनं घमेलं ठेवलं आणि तोटी उघडली. गंजक्या रंगाचा काढा निघाला. शिनेबायरही वाकून घमेल्यात बघू लागला.

मग म्हातारे आपल्या गेरमधून बादली घेऊन आले. बादलीत आरूल, म्हणजे वाळवलेल्या दह्याच्या वड्या, करताना उरलेली, कापडातून तीनदा गाळलेली पिवळी निवळ.

"हे काय, गाडीला पाजताय?" शिनेबायर म्हणाला. "वासरू आहे का ती?"

"वासराला तुझ्यापेक्षा अक्कल असते. आम्ही ट्रकला हेच द्यायचो. आंबट असतं, आतलं किटण सुटतं."

निवळ भरली, हीटर पूर्ण गरमवर ठेवला, म्हणजे ती हीटरच्या नळ्यांतूनही फिरेल, आणि इंजिन चालू केलं. सगळ्या आवाराला आंबूस वास सुटला. गल्लीतली कुत्री कुंपणाला नाक लावून उभी राहिली. मग बंद, गार होऊ द्या, सोडा. साधं पाणी भरा, चालवा, गार होऊ द्या, सोडा. माझे खांदे उतरले. "गुआई, आता तर मी पिऊ शकतो हे पाणी," मी म्हणालो.

"पी की. मग तुझीही तोटी बघतो."

खालून येणारं पाणी काचेसारखं दिसायला लागलं तेव्हाच त्यांनी कूलंटचा कॅन उघडला. पण ओतलं नाही. आधी त्यातलं थोडं व्होडकाच्या रिकाम्या बाटलीत घेतलं, बूच लावलं आणि बाटली कुंपणाच्या खांबाला बांधली. "बाजारातलं आहे. रंगीत पाणी असेल तर हिवाळ्यात हीच बाटली सांगेल." मग गाडी चढावर नाक वर करून लावली, कूलंट हळूहळू ओतलं, आणि वरचा पाइप गाईचं आचळ पिळावं तसा दाबत बसले. झाकणापाशी बुडबुडे येत राहिले. ते थांबेपर्यंत म्हातारे हलले नाहीत. आत हवा राहिली की सगळं फुकट, एवढंच म्हणाले.

गाडी तापायची थांबली. शिनेबायर घाट चढून आला, उतरून आला, आणि काटा मध्येच उभा. तो काही बोलला नाही. न बोलणं हीच त्याची शाबासकी, असं मी म्हाताऱ्यांना सांगितलं. ते खूश झाले. त्यांनी आपला मेंढीच्या कातड्याचा जुना ड्रायव्हरचा कोट बाहेर काढून वाळत टाकला. गल्लीतल्या दोघा-तिघांनी आपल्याही गाड्या धुवायला त्यांना बोलावलं. निवळीसाठी बायका त्यांच्याकडे चहाच्या निमित्ताने यायच्या, नाही म्हटलं तरी त्यांची मान जरा वर झाली. हिवाळा आला. रोज सकाळी ते खांबावरची बाटली हलवून बघायचे. आत हिरवं कूलंट डुलायचं, गोठायचं नाही.

ऐन हिवाळ्यातल्या एका सकाळी शिनेबायरच्या ओरडण्याने मी बाहेर आलो. गाडीच्या बॉनेटवरची नमद्याची गोधडी बाजूला फेकलेली. रेडिएटरच्या पोटातून बर्फाची कांडी लोंबत होती, आणि खाली जमिनीवर बर्फाचं पांढरं ताट. ब्लॉकला बाजूने चीर. शेजारपाजारचे जमा झाले होते.

"पुन्हा!" शिनेबायर म्हणाला. "पुन्हा तोटी सोडली म्हाताऱ्याने, आणि पाणी भरून ठेवलं. घ्या, गेलं इंजिन!"

चोइजिल गुआई टोपी न घालताच आले होते. ते वाकले, बर्फाचा तुकडा तोडला, जिभेला लावला. "पाणी आहे," म्हणाले.

"तेच सांगतोय मी!"

"अरे, मी सोडलं असतं तर हे फुटलं असतं का? मी रिकामं करून झोपतो. आयुष्यभर रिकामं करून झोपलो. भरलेलं ठेवून झोपणारा माणूस मी नव्हे."

माझ्या मते इथेच खटला संपायला हवा होता. पण गल्ली म्हणजे न्यायालय नाही, तिला निकालापेक्षा करमणूक हवी असते.

"अर्धं सोडलं असेल, मग विसरला असाल," शिनेबायर म्हणाला. "आता आठवतं कुठे तुम्हाला काही?"

जो म्हणेल मी विसरलो नाही, त्याला लोक म्हणतात, बघा, विसरलेलंही आठवत नाही.

म्हाताऱ्यांनी खांबावरची बाटली सोडून आणली आणि हलवून दाखवली. आत हिरवं कूलंट डुलत होतं. "मी भरलं होतं ते हे. हे गोठलेलं नाही. गाडीत हे नव्हतं."

"व्होडकाची बाटली आहे, ती कशी गोठेल?" मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. शिनेबायर सगळ्यात मोठ्याने.

"बर्फ पांढरा आहे," मी म्हणालो. "कूलंट असतं तर हिरवं दिसलं असतं. कुणीतरी मध्ये पाणी..."

"तू भाडेकरू आहेस, धाकल्या," शिनेबायर म्हणाला. "तुझ्या गेरमधली शेगडी सांभाळ."

म्हाताऱ्यांनी ओदगेरेलकडे पाहिलं. ती दारात हात बाहीत घालून उभी होती आणि स्वतःच्या बुटांकडे बघत होती. मग म्हातारे म्हणाले, "असेल. हात गेला असेल," आणि बाटली तिथेच बर्फावर ठेवून आत गेले.

दुपारी मी पाण्याला गेलो तर टपरीवाल्या बाईंनीच विषय काढला. "काल तुमच्या शिनेबायरची गाडी इथे वाफ सोडत उभी होती की. पाइप फुटला होता. दुसरा बसवला आणि ओदगेरेलने माझ्याकडून कॅनभर पाणी नेऊन ओतलं. तो तिला म्हणत होता, आजची रात्र निघेल, उद्या कूलंट घालू. म्हाताऱ्याला सांगू नकोस, डोकं खाईल."

मी कॅन तिथेच सोडून पळत आलो आणि चोइजिल गुआईंना सगळं सांगितलं. ते शेगडीत कोळसा घालत होते.

"चला, ओदगेरेलला सगळ्यांसमोर बोलायला लावू," मी म्हणालो.

"बस खाली. घाम आलाय तुला, गारठशील."

"गुआई, अहो..."

"बर्फ चाटला तेव्हाच कळलं मला. तिच्याकडे पाहिलं तेव्हा उरलेलं कळलं." त्यांनी शेगडीचं झाकण लावलं. "तिला माहीत होतं आणि ती गप्प बसली. आता मी कुणाला पटवू? तुला? तू तर भाडेकरू."

शिनेबायरने ती गाडी भंगारात दिली आणि दुसरी आणली. चावीचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. गल्लीतले लोकही आपल्या गाड्या दुसरीकडे नेऊ लागले. "म्हाताऱ्याचा हात जातो," एकमेकांना सांगायचे, अगदी मायेने. चोइजिल गुआई संध्याकाळी बाहेर यायचे बंद झाले.

सणाला ते बसने निघाले. मीही गावी जात होतो, म्हणून बरोबर. ओदगेरेलने मांस भरून उकडलेल्या बूझची पिशवी दिली आणि बस निघेपर्यंत खिडकीखाली उभी राहिली. काही बोलायला तोंड उघडलं होतं तिने, पण म्हाताऱ्यांनी खिडकीचा पडदा ओढला.

खिंडीत बसने वाफ सोडली. चालक कोवळा होता, बॉनेट उघडून घाबरून उभा. त्याने बर्फाचे गोळे भरून थेट तापलेल्या रेडिएटरमध्ये टाकायला सुरुवात केली तेव्हा मी ओरडलो, "अरे थांब! फुटेल! आमच्यात झीलचे चालक आहेत. गुआई, उतरा ना."

सगळी बस त्यांच्याकडे वळली. चालक खिडकीशी आला. "आजोबा, बघता का जरा?"

चोइजिल गुआईंनी मांडीवरची पिशवी नीट केली. "नाही रे बाळा. मी सामान आहे," म्हणाले, आणि डोळे मिटले.

मागून आलेल्या मालट्रकने आमची सुटका केली.

हांदसुरेन आजी गेरमध्ये गादीवर बसली होती. चोइजिल गुआईंनी रीतीप्रमाणे दोन्ही हात पुढे करून तिच्या कोपरांना आधार दिला. तिने त्यांचा एक गाल हुंगला, मग दुसरा. पुन्हा पहिला.

"कोण आहे?" तिने विचारलं.

"मी आहे, आक्का. चोइजिल."

"छे," ती म्हणाली आणि हात मागे घेतला. "त्याला वास असतो."