बघत काय होतास?

निर्मलाअक्का गेल्याची बातमी मला सव्वा तास उशिरा कळली, आणि त्या उशिराला कारण अक्काच होत्या. शाळा सुरू होऊन चारच दिवस झाले होते. मी नांदेडहून नायगावला रोज स्वतः गाडी चालवत जाते. निघताना फोनचा आवाज बंद करायचा, फोन पर्समध्ये टाकायचा आणि पर्स मागच्या सीटवर ठेवायची, ही सवय मला गाडी शिकवताना त्यांनीच लावलेली. शाळेच्या आवारात गाडी उभी करून फोन काढला, तर लातूरला त्यांच्याजवळच राहणाऱ्या धाकट्या भावाचे, शिवकुमारचे, नऊ फोन येऊन गेलेले. नऊ म्हटल्यावर परत लावायचा धीर होईना. वर्गाबाहेरच्या बाकावर बसले आणि मग लावला. "अक्का गेली, मॅडम," ते म्हणाले. "पहाटे चहा ठेवते म्हणून उठली..." माती उदगीरला, चार वाजता, एवढंच सांगून त्यांनी फोन ठेवला.

अक्का लातूरला मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवायच्या. स्कूल म्हणजे एक गाडी, एक पाटी आणि त्या स्वतः. नवऱ्यानं सुरू केलेली ही शाळा त्याच्या माघारी त्यांनी बंद करावी असं सगळ्यांनाच वाटत होतं, उदगीरचं माहेर तर परत चल म्हणून मागे लागलं होतं. पण त्या राहिल्या. पुढं वीसेक वर्षं लातूरच्या कितीतरी बायका त्यांच्याकडूनच स्टेअरिंग धरायला शिकल्या. मी तेव्हा लातूरलाच राहायचे, त्यांच्याकडे शिकायला चव्वेचाळिसाव्या वर्षी गेले. मुलांना गणित शिकवणारी बाई, क्लच म्हटलं की हाताला घाम सुटायचा. पहिल्या दिवशी वाटलं होतं, किल्ली फिरवायला सांगतील. अक्कांनी गाडी औसा रोडला एका कडुनिंबाखाली उभी केली आणि म्हणाल्या, "आज चालवायची न्हाई. आज नुसतं बघायचं. येणाऱ्या गाडीतला माणूस कुठं बघून राहिला, ते मला सांग."

अर्धा तास मी सांगत होते. हा मांडीवर ठेवलेल्या फोनकडे बघतोय. ही मागच्या लेकराला रागावतीय. हा ऑटोवाला पलीकडच्या ऑटोवाल्याशी बोलत चाललाय, दोघंही चालूच. एकजण आरशात भांग पाडत होता. चाळीसेक गाड्या झाल्या असतील. समोर सरळ रस्त्याकडे बघणारे किती निघाले ते आता आठवत नाही, पण कमी निघाले, आणि मी घाबरून घरी आले, हे नक्की आठवतं. अक्का मात्र खुशीत होत्या. रागावणं, शिव्या देणं त्यांच्यात नव्हतंच. त्यांना लागलेलं असायचं ते कुतूहल. कुणी कट मारून गेला की दुसरा माणूस काच खाली करून ओरडतो. अक्का मान वळवून त्या गाडीकडे बघत राहायच्या, एखादा न ओळखलेला पक्षी उडून गेल्यासारखं. "ह्याला कुठं पोचायचं असंल ग?" असं मला विचारायच्या, आणि मला ठाऊक असणं शक्यच नाही हे त्यांच्या लक्षातच यायचं नाही.

मी शिकून तीन वर्षं झाली असतील, तेव्हा ते घडलं. सकाळची वेळ होती. एक नवीन शिकणारी बाई रिंग रोडवरून हळूहळू गाडी चालवत होती, अक्का नेहमीप्रमाणे डाव्या सीटवर. शिकवणीच्या गाडीला शिकवणाऱ्याच्या पायाखालीही ब्रेक असतो. डावीकडच्या छोट्या रस्त्यावरून एक गाडी न थांबता, न बघता सरळ रिंग रोडवर आली. अक्कांनी आधीच पाहिलं होतं. त्यांनी सगळं बळ लावून ब्रेक दाबला, आणि त्यामुळेच ती बाई वाचली, असं नंतर सगळे म्हणाले. धडक अक्कांच्या दारावर बसली. ब्रेकवर ताठ रोवलेला त्यांचा उजवा पाय घोट्याजवळ तीन ठिकाणी मोडला.

धडक देणारा पळून गेला नाही. त्यानंच ऑटो थांबवून त्यांना दवाखान्यात नेलं. प्रशांत त्याचं नाव, मूळचा हिमायतनगरकडचा, तिशीच्या आतला, बियाण्यांच्या एका कंपनीत फिरतीच्या नोकरीवर. तिसऱ्या दिवशी आईला घेऊन तो भेटायला आला, तेव्हा मी डबा घेऊन तिथंच बसले होते. शिवकुमार दारातच आडवे आले. आवाज ऐकून अक्कांनी आतूनच त्याला येऊ द्या म्हणून सांगितलं. तो येऊन कॉटच्या पायथ्याशी उभा राहिला. चूक झाली, माफ करा, असं काहीतरी घोकून आलेलं बोलू लागला. अक्कांनी त्याला मध्येच थांबवलं.

"चूक झाली ते मला कळलं. बघत काय होतास, ते सांग."

त्याच्या आईनं त्याच्याकडे पाहिलं. मग खाली बघूनच तो म्हणाला, "फोनवर साहेबांना अंगठा पाठवून राहिलो होतो."

"साहेबांनी काय लिहिलं होतं?"

"शुभ सकाळ."

शिवकुमार बाहेर निघून गेले. अक्का त्याच्याकडे बघत राहिल्या, आणि मग त्यांनी विचारलेल्या गोष्टीनं मी चक्रावूनच गेले. अंगठा पाठवला नसता तर साहेब काही म्हणाले असते का? तो म्हणाला, नाही, त्यांनी बघितलंही नसतं, ग्रुपवर साठ माणसं आहेत. मग का पाठवला? त्यानं खरोखर विचार केला. मान वर करून म्हणाला, "ते मलाच कळंना झालंय, अक्का." त्या दिवशी तो पहिल्यांदा त्यांना अक्का म्हणाला.

पोलिसांकडची तक्रार तिच्या गतीनं चालली, निकाली निघाली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पाय मात्र पूर्ववत झाला नाही. काठी टेकून चालता यायचं, पण घोटा वळायचा नाही, जोर लागायचा नाही. म्हणजे डाव्या सीटवरचा ब्रेक त्यांना कायमचा बंद झाला. शाळेची पाटी उतरली. गाडी दुरुस्त होऊन दारासमोर उभी राहिली. मला प्रशांतचा भयंकर राग होता, आणि अक्का त्याची विचारपूस करतात म्हणून अक्कांचाही. एकदा मी त्यांना सरळ म्हणाले, तुमच्या जागी मी असते तर त्याचं तोंड पाहिलं नसतं. त्यांनी वाद घातला नाही. एवढंच म्हणाल्या, "मला राग येत न्हाई असं न्हाई. जिना चढताना रोज येतो. पण मला ते अंगठ्याचं कळलेलं न्हाई अजून." मला ते उत्तर उगीच मोठेपणाचं वाटलं, आणि पंधरा दिवस मी त्यांच्याकडे फिरकले नाही. मोठेपणा नव्हता तो, हे कळायला मला पुढची दोन वर्षं लागली. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

घरासमोरच्या चौकात चहाचं हॉटेल होतं. अक्का तिथं सकाळी जाऊन बसायला लागल्या. टेंपोवाले, काळीपिवळी जीपवाले, ट्रॅक्टरवाले, कारवाले चहाला थांबायचे आणि अक्का त्यांना विचारायच्या. इंडिकेटर का देत नाही? एकानं सांगितलं, मला ठाऊक असतं की कुठं वळायचंय. अक्कांनी हे मला फोनवर सांगितलं तेव्हा त्यांना हसू आवरत नव्हतं. सारखा हॉर्न का वाजवतो असं विचारल्यावर एक ट्रकवाला म्हणाला, झोप येऊ नये म्हणून. मोठ्या आवाजात गाणी लावून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्यानं सांगितलं, गाणी बंद केली की ट्रॉलीचा खडखडाट ऐकू येतो आणि भीती वाटते. सगळेच काही गोड बोलायचे नाहीत. काळ्या काचांच्या गाडीतल्या एका माणसानं "तू कोण विचारणारी?" म्हणून त्यांना चारचौघांत झापलं होतं. दोन दिवस त्या हॉटेलात गेल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी गेल्या.

तोवर माझी बदली नायगावला झाली होती आणि आम्ही नांदेडला राहायला आलो होतो. रविवारी आमचा फोन ठरलेला. एकदा त्यांनी मलाच पकडलं. फोन तर पर्समध्ये असतो तुझा, मग तू काय बघतेस? मी म्हणाले, रस्ता. खरं सांग, म्हणाल्या. विचार केला तेव्हा मीच दचकले. वाटेतलं कृष्णूर कधी मागे पडलं हे मला रोज आठवत नसे, कारण रोज त्या पट्ट्यात मी मनातल्या मनात मुख्याध्यापकांशी भांडत असे. डोळे रस्त्यावर, मी स्टाफरूममध्ये. अक्का एकदम खूश झाल्या. "हे नवीन हाय," म्हणाल्या. भांडणात कोण जिंकतं, तेही त्यांनी विचारून घेतलं.

अपघाताला वर्ष उलटून गेल्यावर प्रशांतची आई एकटीच अक्कांकडे आली. धडकेनंतर प्रशांतनं स्टेअरिंगला हात लावला नव्हता. फिरतीची नोकरी गेली होती, दुसरी मिळे ती, गाडी चालवायची वेळ आली की सोडून द्यायचा. किल्ली हातात दिली तर परत खुंटीला लावतो, म्हणाली. बोलून बोलून त्या माउलीनं शेवटी मनातलं सांगितलं... तुम्ही त्याला परत शिकवाल का?

मला अक्कांचा फोन आला तेव्हा मी नाहीच म्हणाले. तुमचा पाय ब्रेक दाबू शकत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. त्यालाही माहीत आहे. मग हा कसला वेडेपणा? त्या म्हणाल्या, तू ये, मागे बस. डिसेंबरमधल्या एका रविवारी मी लातूरला गेले. शिवकुमार बहिणीशी बोलत नव्हते. तीच दुरुस्त केलेली गाडी, स्टेअरिंगवर प्रशांत, डावीकडे अक्का, मागे मी. लातूर ते उदगीर. निघण्यापूर्वी अक्कांनी त्याला एकदाच सांगितलं की आपल्या बाजूचा ब्रेक आता नावालाच आहे, गाडी थांबवायची ती त्यालाच. त्यानं मान हलवली. त्याच्या मानेवर घामाचे थेंब मला मागून दिसत होते, थंडीचे दिवस असूनही.

नळेगाव मागे पडल्यावर आमच्यापुढं उसाचा ट्रॅक्टर आला. दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. मागून एक जीप सतत हॉर्न देत होती, पुढं काढ म्हणून. प्रशांत जरा उजवीकडे सरकला, आणि समोरून दुसऱ्या कुणाला ओलांडत एक पांढरी गाडी सरळ आमच्या अंगावर आली. मी डोळे मिटायला हवे होते, पण माझी नजर अक्कांच्या पायाकडे गेली. तो न वळणारा घोटा उचलून त्यांनी ब्रेकवर ठेवला होता आणि दाबत होत्या, आणि ब्रेक हलत नव्हता. गाडी तरीही थांबली. डावीकडे येऊन, रस्त्याच्या कडेच्या मातीत. पांढरी गाडी वाऱ्यासारखी गेली, जीपही गेली.

प्रशांत रडायला लागला. अक्कांचा चेहरा दुखण्यानं पांढरा पडला होता. दोन्ही हातांनी पाय ब्रेकवरून उचलून घेत त्या म्हणाल्या.

"माझा पाय तुझ्याआधी गेला होता. पण गाडी तुझ्या पायानं थांबली. बघितलंस ना?"

तो हो म्हणाला. मग अक्कांनी थर्मासमधला चहा काढला, आणि तिथंच, त्या मातीत थांबून, आम्ही तिघं तो प्यायलो. उदगीरला तोच घेऊन गेला, परतही त्यानंच आणलं. येताना तर त्या दोघांची चर्चा चालली होती, त्या पांढऱ्या गाडीतला माणूस काय बघत असेल याची.

जूनमधल्या त्या दिवशी मी नायगावहून थेट उदगीरला पोचले तेव्हा लातूरहून माणसं यायची होती. अक्कांना आणणारी गाडी आधी आली. तिच्या मागोमाग शिवकुमारांची गाडी आली, आणि ती प्रशांत चालवत होता. त्याच्या शेजारी शिवकुमार बसले होते, दवाखान्याच्या दारात आडवे आलेले शिवकुमार. नंतर त्यांनीच मला सांगितलं की पहाटे आपल्याला गाडी चालवणं शक्य नव्हतं, म्हणून पहिला फोन त्यांनी प्रशांतला केला, मला त्याच्यानंतर. लिंगायतांच्या रीतीप्रमाणे अक्कांना बसवून माती दिली. प्रशांत शेवटपर्यंत एका बाजूला, चप्पल हातात घेऊन उभा होता. निघताना त्यानं फक्त विचारलं की तुम्ही एकट्या जाणार का, आणि सावकाश जा म्हणाला.

मागच्या आठवड्यात शाळेतून परत येताना एक नवीकोरी गाडी हळूहळू रेषा ओलांडून माझ्या बाजूला आली. मी हॉर्न दिला, ती परत गेली. थोडं पुढं वळण्याच्या जागी ती गाडी मागं फिरली आणि माझ्या मागून येऊन एका चहाच्या टपरीशी उभी राहिलेली मला आरशात दिसली. पूर्वीची मी असते तर तशीच पुढं गेले असते. मी गाडी कडेला घेतली आणि चालत गेले. साठीच्या पुढचे एक गृहस्थ होते, पांढरा शर्ट, पायजमा, टोपी. मी म्हणाले, काका, रागावू नका, पण मघाशी तुमची गाडी माझ्या अंगावर आली होती. काय बघत होतात?

ते ओशाळले. माफी मागायलाच त्यांनी गाडी मागं फिरवली होती म्हणे, मग धीर झाला नाही म्हणून चहाला थांबले. मग म्हणाले, "सोयाबीन बघून राहिलो होतो. कुणाचं कसं उगवलंय ते."

मला उत्तर मिळालं होतं. सुनावण्यासारखंही बरंच होतं, आणि थोडं मी सुनावलंही. पण अक्का पहिल्या उत्तरावर कधी उठल्या नाहीत. मी विचारलं, "मग, कसं उगवलंय?"

काकांनी कप खाली ठेवला आणि रस्त्यापलीकडं बोट दाखवलं. हे टोकन यंत्रानं, एकेक दाणा टोचून पेरलेलं, ओळी बघा कशा सरळ आहेत. ते पलीकडचं घाईनं पेरलंय, पाणी साचून मधे मधे दबलंय. ते सांगत गेले. चार वर्षं मी त्या रस्त्यानं रोज जाते-येते आहे. दोन्ही गाड्या बंद होत्या, आणि मी उभी राहून, त्यांच्या बोटामागोमाग, ते रान पहिल्यांदा बघत होते.