कंट्रोलच्या खोलीतली शिट्टी

सन दोन हजारनंतरच्या त्या पावसाळ्यात आमचा कॉलम, म्हणजे फौजेची तुकडी, पूरमदतीसाठी बदलापूरला आला. साल सांगत नाही; इथल्या माणसाला ते सांगावं लागत नाही. मी हवालदार होतो, रेडिओ मेकॅनिक. लोकांना वाटतं फौजी म्हणजे बंदूक. माझी सगळी नोकरी सोल्डरिंग आयर्न धरण्यात गेली.

बदलापूर गावातल्या एका मंगल कार्यालयात आम्ही कंट्रोल उभारला. वधूपक्षाच्या खोलीत वायरलेस सेट, छतावर अँटेना. दोन बोटी होत्या. बोट टूवर नाईक गौतम सोनवणे. राहणारा उल्हासनगरचा, त्यामुळे बारवी धरणाकडचे रस्ते त्याला पाठ. मला उस्ताद म्हणायचा आणि माझ्या डब्यातलं लोणचं न विचारता संपवायचा.

धरणाचं पाणी किती चढलं हे कळल्याशिवाय बोटी पाठवणं म्हणजे जुगार. धरणाजवळच्या चौकीचा वायरलेस आमच्या सेटवर लागत नव्हता. उल्हासनगरचे सिंधी रेडिओ-दुकानदार परसोभाई आपणहून आले आणि त्यांनी एक कन्व्हर्टर जोडून दिला. तो रिसीव्हरला लावला की चौकीचा आवाज स्वच्छ येई.

आता थोडं समजून घ्या. कन्व्हर्टरच्या पोटात मिक्सर असतो. मिक्सर म्हटलं की सिव्हिलियन माणसाला चटणी आठवते. हा मिक्सर बाहेरून आलेल्या लहरीत स्वतःची एक लहर मिसळतो आणि तिसरी काढतो. ती आपल्याला ऐकू येते. ही स्वतःची लहर आत राहायला हवी. सर्किट नीट तोललेलं नसेल, झाकलेलं नसेल, तर ती अँटेनातून बाहेर गळते. ऐकणाऱ्याने ऐकता ऐकता गुणगुणत राहावं, तसं.

दुपारी बोट टू बारवीच्या खालच्या अंगाच्या एका पाड्याकडे गेली. थोड्याच वेळात आमच्या नेटवर, म्हणजे कंट्रोल आणि बोटी बोलत त्या लहरीवर, बारीक शिट्टी सुरू झाली. बोटींचे छोटे सेट तिच्याखाली दबून गेले. आम्ही बोललेलं त्यांना जात होतं, त्यांचं आम्हाला येत नव्हतं.

नेट असा अडला की फौजेत पहिला संशय एकच. कुणाचं तरी प्रेसेल, म्हणजे बोलायचं बटण, दबून राहिलंय. त्याची ड्रिलही ठरलेली. कॅप्टनसाहेबांनी माइक उचलला.

"ऑल स्टेशन्स फॉर कंट्रोल. चेक प्रेसेल. दस मिनट सेट ऑफ. आउट."

सगळे सेट बंद झाले. शिट्टी चालूच.

मी कन्व्हर्टरची वायर काढली. शिट्टी गेली. लावली, परत आली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. गळणारी लहर नेमकी आमच्या फ्रिक्वेन्सीवर पडत होती.

"बंद करून टाक," कॅप्टनसाहेब म्हणाले. लगेच स्वतःच थांबले. "नाही. पाणी कळलं नाही तर दोन्ही बोटी जातील. लांब नेता येईल?"

"नाही सर. चौकी फक्त याच छतावरून लागते."

"मग गळती थांबव. ते सेट ऑन करायच्या आत."

परसोभाईंचा चेहरा उतरला. "साईं, घाईत बनवला. झाकण लावायला टाइम कुठे होता?"

"झाकण आता लावू. पत्रा द्या."

कार्यालयाच्या स्वयंपाकघरातून त्यांनी बिस्किटांचा डबा आणला. कन्व्हर्टर त्यात बसवला, केबलची जाळी डब्याला सोल्डर केली. शिट्टी निम्मी झाली. उरली ती मिक्सरच्या दोन डायोडमधल्या फरकाची. त्यांना तोलायला छोटा ट्रिमर होता, पण लोखंडी स्क्रूड्रायव्हर जवळ नेला की तोल ढळतो. मी उदबत्तीची काडी तासली, डब्याच्या भोकातून घातली आणि आमच्या सेटला कान लावून ट्रिमर केसभर केसभर फिरवला. शिट्टी बारीक होत गेली आणि विरली. चौकीचा आवाज तसाच स्वच्छ.

"बोट टू फॉर कंट्रोल, ओव्हर."

काही नाही. कॅप्टनसाहेबांची पुन्हा हाक. मग खरखर आली.

"बोट टू. सुनाई दे रहा है? पहिले भी बोला था, ओव्हर."

"अब सुन रहे हैं. सिच्युएशन बोलो, ओव्हर."

"बोट फट गयी. ग्यारह सिविलियन समाजमंदिर की छत पर. पानी चढ रहा है. मैं सामने के पेड पर हूं, ओव्हर."

बोट वन वळली. पाण्याखाली विजेच्या तारा होत्या, वरून दिसत नव्हत्या. झाडावरून गौतम वाट सांगत राहिला. खांब बाएं. और बाएं. इंजन धीरे. मी माइक घेतला आणि मराठीत विचारलं, गौतम, झाड धरतंय का?

"उस्ताद, आधी छत रिकामं करा. ओव्हर."

बोट वन छताला लागली. अकराही जण उतरले. बोट झाडाकडे वळली तेव्हा तिथे झाड नव्हतं. मी बराच वेळ हाक मारत राहिलो. नेट स्वच्छ होता.

तो दुसऱ्या दिवशी खालच्या भातखाचरात सापडला. बोट फुटली तेव्हाच त्याची हाक पोचली असती तर तो वाचला असता, असं मला वाटतं. साहेबांचा हुकूम पुस्तकाप्रमाणे होता, परसोभाईंनी मदतच केली होती. दोष कुणावर ठेवू? पण दुःख व्हायला दोषी सापडावाच लागतो असं नाही.

पूर ओसरल्यावर मी उल्हासनगरला त्याच्या घरी गेलो. वडील कारखान्यातून निवृत्त झालेले. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली गौतमचा युनिफॉर्ममधला फोटो, पुढे मेणबत्ती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं,

"त्याचं बोलणं तुम्ही ऐकलंत?"

"हो बाबा. शेवटच्या शब्दापर्यंत."

"आणि पहिल्यांदा बोलला, तेव्हा?"

खोटं बोलणं सोपं होतं.

"नाही. तेव्हा नाही ऐकू आलं."

त्यांनी फोटोपुढची मेणबत्ती सरळ केली. मग आत पाहून म्हणाले, "अगं, गौतमचे उस्ताद आलेत. ताट वाढ. लोणचं पण वाढ."