तिवरबेटावरचा पंचनामा

सकाळी मुलुंडहून निघालो तेव्हा आभाळ इतके खाली उतरले होते की गावामागचा डोंगर आहे की नाही, हेच कळेना. माझ्या पिशवीत मी लिहिलेली पन्नास पत्रके होती. ‘स्वराज्य येऊन सात वर्षे झाली, खाडीतल्या माणसाला सरकार कधी दिसणार?’ असा त्यांचा मथळा. आणि ते सरकार छत्री सावरत माझ्या शेजारून चालले होते! तलाठी भाऊसाहेब, वय पन्नाशीचे, काखेत दप्तर, बोलणे अगदी बेताचे.

नाहूर गाव मागे पडले आणि मिठागरे लागली. पावसाळ्यात तिथे काम नसते. चौकोनाचौकोनांत नुसते आभाळ साठलेले असते. एक बगळा ढगांवर पाय ठेवत हळूहळू चालला होता. मी भाऊसाहेबांना शासनाचे कर्तव्य समजावत होतो, पण त्या उजेडात माझा आवाज मलाच दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता.

खाडीच्या काठी गणा होडी घेऊन उभा होता. तिवरबेट म्हणजे तिवरांच्या झाडीआडची बारा घरांची आगरी वस्ती. पंधरा दिवसांपूर्वी उधाणाच्या भरतीला धो धो पाऊस येऊन मिळाला आणि त्यांचा खारबांध (खाडीचे पाणी शेतात येऊ न देणारा मातीचा बांध) फुटला. घरांत कमरेइतके पाणी चढले, पेरलेले भात वाहून गेले. मी येऊन अर्ज लिहून दिला होता आणि तलाठी कोणत्या दिवशी येणार तेही कळवले होते. आज पंचनामा झाला तर बियाणे आणि खायला धान्य मिळणार होते. यादी उद्या ठाण्याला जायची होती. तिच्यात नाव नसेल तर पेरणीचे दिवस संपणार आणि वर्ष कोरडे जाणार.

“पिशवीन काय रं?” गणाने विचारले.

“पत्रके. तुमच्यासाठीच.”

“त्या दिशी कं नाय आनलीस? भगदाडान कोंबली असती!”

भाऊसाहेब पहिल्यांदा हसले. मी नाही हसलो.

तिवरांतून होडी बाहेर आली आणि मी पाहतच राहिलो. मी मनात कोसळलेल्या भिंती रंगवल्या होत्या. समोर बारा घरे शेणाने सारवलेली, भिंतींना खाली गेरूचा पट्टा, अंगणे आरशासारखी. बांधही उभा होता. पुढच्या भरतीआधी साऱ्या गावाने चिखल वाहून तो बुजवला होता. शेतांत पाणी होते, पण श्रावणात ते कुठल्या शेतात नसते?

“छान ठेवलंय हो गाव,” भाऊसाहेब म्हणाले. त्यांनी दप्तर उघडले, पेन काढले आणि कागद कोराच ठेवला.

मी गणाची आई हिराबाय हिला बाजूला घेतले. “काकी, हे काय केलंत? चिखलाची खूण कुठे गेली?”

“सारवली.”

“पण का?”

“पाव्हना येनार नी घर चिखलान ठेवू? सरकार झाला तरी पाव्हनाच ना!”

मी भाऊसाहेबांपुढे भाषणच ठोकले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले.

“तुमचं सगळं खरं असेल,” ते म्हणाले. “पण मला दिसतं तेच लिहावं लागतं. साहेब विचारतील, बांध शाबूत, घरं शाबूत, मग नुकसान कशाचं?”

तेवढ्यात हिराबायने दोन पाट मांडले. तांदळाची भाकरी आणि निवटीचे (चिखलात सापडणाऱ्या माशाचे) कालवण. मी उभाच राहिलो. पूरग्रस्ताच्या ताटातला घास सरकारी माणसाने खाऊ नये, मीही खाणार नाही, असे मी मोठ्याने सांगितले. तसे एका पत्रकात मीच लिहिले होते. हिराबायचा चेहरा पडला.

“आमचा अन्न चालत नाय त आलास कशाला?” ती म्हणाली.

भाऊसाहेब चपला काढून पाटावर बसले. भाकरीचा कोरडा तुकडा मोडून त्यांनी तोंडात टाकला. चावता चावता थांबले.

“काकी, मीठ जरा जास्त पडलंय.”

“मीठ कवा घातला?” हिराबाय ओशाळून म्हणाली. “कनगीन खाडी शिरली व्हती. धुवून सुकवला तांदूल, तरी जात नाय.”

भाऊसाहेबांनी घास गिळला. “कणगी दाखवा.”

ती दाखवायला तयार होईना. पाहुण्याला नासलेले धान्य दाखवायचे? शेवटी गणानेच झाकण काढले. तळाशी काळपट, कुबट भात होता. मग भाऊसाहेब शेतात उतरले, पाण्यात बोट बुडवून जिभेला लावले आणि थुंकले. एकेका घरी जाऊन त्यांनी प्रत्येक कणगीतला दाणा चाखला. दुपारभर त्यांचे पेन थांबले नाही. मी मागून छत्री धरून चालत होतो. तेवढेच काम मला उरले होते.

संध्याकाळी आम्ही परतीच्या होडीत बसलो. ओहोटीचे पाणी सोनेरी झाले होते आणि बेट मागे मागे विरघळत होते. मी आठवडाभर त्यांच्या दुःखाविषयी लिहीत होतो. त्यांच्या तांदळाची चव मात्र मला ठाऊक नव्हती, आणि आज समोर आली तेव्हा मी ती नाकारली. पन्नासच्या पन्नास पत्रके पिशवीत तशीच होती.

नवव्या दिवशी बियाण्याची आणि तांदळाची पोती आली. उतरवायला मीही गेलो. हिराबायने पहिल्या पोत्याचा टाका उसवला, बियाण्याचा एक दाणा सोलून जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. सारे गाव तिच्या तोंडाकडे पाहत उभे होते.

“गोडा हाय,” ती म्हणाली.

मग माझ्याकडे वळली. “आता बसतंस कं जेवाला, का अजून पत्रक आडवा येतंय?”

मी बसलो. त्या दिवशी मुलुंडला पोचायला मला अंधार झाला, कारण हिराबाय तिसऱ्या भाकरीशिवाय उठू देईना.