राहेलसमोर नको

संध्याकाळी राहेल दिवेकर काठी टेकत जिना उतरली, की पार्किंगमधल्या बाकांवरची चर्चा गपकन थांबे आणि कोणीतरी घाईघाईनं आंब्याच्या मोहरावर बोलू लागे. महिना श्रावणाचा. मोहराला अजून किती तरी अवकाश. राहेलला हसू येई आणि रागही येई. डॉक्टर राउंडला आले की वॉर्डातल्या नर्सा अशाच एकदम चादरी नीट करायला लागत, हे तिला चांगलं ठाऊक होतं. त्या नर्सांत एक ती होती.

बाळंतपणाच्या वॉर्डात तिनं उभी नोकरी काढली. रत्नागिरीतली चाळिशी-पन्नाशीची कितीतरी माणसं पहिल्यांदा रडली ती तिच्या हातात. मच्छीबाजारात एखादा जाडजूड मिशाळ गृहस्थ पुढे येऊन "सिस्टर, ओळखलंत का?" म्हणाला, की ती त्याला खालून वर न्याहाळून म्हणे, "तोंडावरनं नाय ओळखणार. पायाळू होतास का रे तू?" गृहस्थ बांगड्यांची पिशवी घेऊन तिथून नाहीसा होई.

नवऱ्याची बदली झाली म्हणून ती रायगडातून इथं आली, तेव्हा पहिल्या घरमालकिणीनं दिवेकर आडनावावर खोली दिली होती. चहा देता देता बाईंनी हळूच विचारलं, "कोकणस्थ ना तुम्ही?"

"हो तर," राहेल म्हणाली. "आमची माणसं म्हणतात दोन हजार वर्षं झाली कोकणात. आणखी किती स्थ व्हायचं?"

मग तिनं सरळ सांगून टाकलं, की आम्ही बेने इस्राएल, ज्यू. आजोबांचा तेलाचा घाणा होता आणि तो शनिवारी बंद असायचा. घरमालकीण जराशी गोंधळली. पण लगेच सावरून म्हणाली, "म्हणजे शनिवारी तेल नको. ते आमच्यातही आहे." विषय तिथंच मिटला तो कायमचा.

पुढे नवरा वारला. मुलगी दिना लग्न करून इस्राएलला, अश्दोदला गेली. आईला तिनं दोनदा तिकडे नेऊन पाहिलं. दोन्ही वेळा राहेल सामान बांधून परत आली. "सगळं आहे गो तिकडे," ती सांगे, "पण बोलायला जावं तर प्रत्येक जण घाईत. भांडायलासुद्धा वेळ घेऊन जावं लागतं."

इथं भांडायला लीला होती. लीला वरच्या मजल्यावरची, निवृत्त शिक्षिका, इतिहासाची. दिनाच्या वेण्या लीलानं घातल्या, लीलाची दोन्ही बाळंतपणं राहेलनं केली. आणि खालच्या मजल्यावर अनिल, आंब्याची कलमं बाळगणारा, सोसायटीचा सेक्रेटरी. जन्माला राहेलच्या हातचा आणि शिकायला लीलाच्या हाताखालचा. या दोघांचंच बिनसलं होतं, आणि तेही राहेलवरून.

झालं होतं ते असं. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लीलानं गाझातल्या उपाशी मुलांबद्दल लिहिलं. कळकळीनं लिहिलं, चांगलं लिहिलं. शेवटी मात्र एक ओळ घातली, "ज्यूंनी स्वतः एवढं सोसलं, तरी त्यांना काळीज नाही." त्यावर अनिलनं उत्तर ठोकलं, "हा शुद्ध ज्यूद्वेष आहे. आपल्या इमारतीत राहेल सिस्टर राहतात, याची तरी लाज बाळगा, बाई." मग कोणी हात जोडले, कोणी अंगठे दाखवले, आणि लीला ग्रुप सोडून गेली. सगळ्यांचं एकमत झालं ते एकाच गोष्टीवर: राहेलसमोर हा विषय नको.

राहेलनं सगळं वाचलं होतं. तीही त्याच ग्रुपवर होती, हे बहुधा कोणाच्या लक्षात नव्हतं.

एरवी तिनं हे अळूच्या पानावरच्या पाण्यासारखं सोडून दिलं असतं. पण मध्ये नवस आला होता. दिनाची मुलगी नोआ बाळंतपणाला गेली आणि नेमके तेव्हाच भोंगे वाजू लागले, वरून क्षेपणास्त्रं. इस्पितळानं बायकांना तळघरात हलवलं. राहेल इथं पलंगावर बसून होती. आयुष्यभर दुसऱ्यांची बाळंतपणं केलेल्या बाईला इथून काहीच करता येईना. तिनं एलियाहू पैगंबराला नवस बोलला: पोर सुखरूप सुटली तर मलिदा करीन, दर वर्षीसारखा, दर वर्षीच्या माणसांसकट.

मुलगी झाली, ठणठणीत. नवस फेडायचा होता. मलिदा म्हणजे अवघड काही नाही, भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची आणि वर फळं. अवघड होतं ते नवसातलं शेवटचं कलम, दर वर्षीची माणसं. खोबरं दर वर्षी लीला खोवायची आणि नारळ-केळी अनिल आपल्या बागेतून आणायचा.

लीला म्हणाली, "तो येणार असेल तर मी नाही. तुझ्यासाठीच म्हणते, तुझ्या घरात तमाशा नको."

अनिल म्हणाला, "सिस्टर, नारळ दारात ठेवून जातो. बाई असतील तिथं मी बसणार नाही. तुमच्यासाठीच."

"माझ्यासाठी, माझ्यासाठी!" राहेल भिंतीवरच्या नवऱ्याच्या फोटोला म्हणाली. "यांना पैगंबराशी माझा शब्द मोडायचाय, तोही माझ्यासाठी!"

रविवारी सकाळी तिनं दोघांनाही एकाच वेळी बोलावलं आणि दोघांनाही सांगितलं की दुसरं येणार नाही. अनिल इस्त्रीचा सदरा घालून नारळ घेऊन आला. तिनं त्याला पाटावर बसवून विळी पुढे सरकवली.

"सिस्टर, मला खोवायला जमत नाही."

"तुला श्वास घ्यायलाही जमत नव्हतं. मी शिकवला ना?"

एवढ्यात लीला आत आली, अनिलला पाहून तशीच वळली. राहेलनं पुढे होऊन कडी घातली. "लीला, पोहे भिजत घातलेत. आता कोणी गेलं तर लगदा होईल. बस. गेले कित्येक दिवस तुम्ही दोघं माझ्यासाठी भांडताय आणि मला एकानं विचारलेलं नाही. आज माझ्यासमोर भांडा. मनापासून भांडा. आणि मोहर काढायचा नाही."

विळीवर अनिलचा नारळ चुकीच्या बाजूनं घसरत होता.

"वाटी फिरव, अनिल," लीला न राहवून म्हणाली. "ढकलतोयस काय?" आणि मग तिचा बांध फुटला. "मी काय वाईट लिहिलं, राहेल? मुलं उपाशी मरतायत, इस्पितळं पडतायत. तू नर्स होतीस. हे म्हटलं की मी ज्यूद्वेष्टी?"

"बाई, तेवढं म्हटलं असतंत तर मी अवाक्षर काढलं नसतं," अनिल म्हणाला.

"काढलं असतंस," राहेल म्हणाली.

अनिलनं जरा विचार केला. "बरं, काढलं असतं. पण ती शेवटची ओळ? वर्गात तुम्हीच शिकवायचात, सरकार वेगळं आणि माणसं वेगळी. 'इंग्रज दुष्ट होते' असं लिहिलं म्हणून माझे गुण कापले होतेत. पेपर घेऊन घरी आला होतात."

"ते लक्षात आहे तुझ्या?"

"बापानं बदडलं होतं, बाई."

पण हार मानणारी लीला नव्हे. "आणि तू काय केलंस? माझ्या बोलण्याला उत्तर दिलंस? शिक्का मारलास. आता गाझाचं नाव काढायचीही मला भीती वाटते. प्रत्येक टीकेवर तोच शिक्का मारलास, तर खरा द्वेष करणारा समोर आला की त्याच्यावर काय मारशील?"

"मी सिस्टरांची बाजू घेतली!"

राहेलनं डावानं ताटलीवर ठण्ण आवाज केला. "माझी बाजू? गेल्या वर्षी सोसायटीच्या सभेत मी टाकीच्या गळतीवर बोलायला उठले, तेव्हा 'सिस्टर, बसा हो' म्हणून मला बसवलंस. तेव्हा मी ज्यू नव्हते?"

अनिलनं मान खाली घालून जोरात खोवायला सुरुवात केली.

"माझी दिना शनिवारी संध्याकाळी तिथल्याच सरकारविरुद्ध फलक घेऊन रस्त्यात उभी राहते," राहेल म्हणाली. "तिला काय म्हणशील?"

"ती घरची. घरच्यानं बोललेलं वेगळं."

"मग लीला कोण? दिनाच्या उवा काढल्यात तिनं." मग ती लीलाकडे वळली, आणि आवाज थोडा उतरला. "पण ती ओळ मला लागली, गो. सरकारला बोल, सेनापतीला बोल, नाव घेऊन बोल. ज्यूंना काळीज नाही म्हणालीस, त्यात मी आले. तळघरात कळा देणारी नोआ आली. आणि त्या दिवशी तू वरून खाली आली नाहीस. ते ओळीपेक्षा जास्त लागलं."

"कुठल्या तोंडानं येणार होते?" लीला पुटपुटली. "दारापर्यंत आले होते. वाटलं तू म्हणशील, आता कशाला आलीस."

"म्हटलं असतं. पण आत घेऊन म्हटलं असतं."

लीलानं पदरानं डोळे टिपले. "ओळ चुकलीच. पुसून टाकते."

"त्या ग्रुपवर नाही आहात तुम्ही," अनिलनं आठवण करून दिली.

"मग घे मला परत, सेक्रेटरी!"

आता खरं तर मिटलं होतं. पण लीलाला अर्धवट सोडायची सवय नव्हती. तिनं अनिलच्या हातातून विळी घेतली आणि म्हणाली, "राहेल, एक विचारू? त्या मुलांबद्दल तू स्वतः कधीच का बोलली नाहीस?"

राहेलचा चेहरा तापला. "मला रडू येत नाही असं वाटतं तुला? त्या ऑक्टोबरातल्या हल्ल्यात दिनाच्या मैत्रिणीचा मुलगा मारला. नाचायला गेला होता पोरगा. कोणी मारला? ते लोक सगळे तसलेच आहेत, त्यांच्यात—"

"कोण सगळे?" लीलानं शांतपणे विचारलं. "तुझी जैनब येणार आहे ना मलिद्याला? तिच्यासमोर म्हणशील?"

जैनब वॉर्डातली आया, राहेलच्या हाताखाली तयार झालेली. अनिलनं हळूच डाव उचलला आणि ताटलीवर ठण्ण केलं.

"वाजव, वाजव," राहेल खुर्चीत बसत म्हणाली. "माझेही गुण काप, लीला."

तेवढ्यात दारावर थाप पडली. जैनब होती, हातात खजुराचं पाकीट. "जिन्यात आवाज येतोय. काय चाललंय?"

"काही नाही, मोहर..." अनिल सवयीनं म्हणाला.

"मोहर नाय," राहेल म्हणाली. "मी तुझ्या लोकांबद्दल वाईट बोलले. गाझातल्या."

जैनब चपला काढता काढता थांबली. "गाझात माझं कोण गो? माझं माहेर राजापूर."

आधी अनिल हसला, मग लीला, आणि राहेलला तर हसता हसता ठसका लागला. जैनबनं तिची पाठ चोळली, पाणी दिलं. सगळे शांत झाल्यावर ती म्हणाली, "हसा. पण वाईट वाटलं हां मला. उगाच खोटं कशाला बोलू?"

"वाटायलाच हवं," राहेल म्हणाली आणि तिचा हात धरून ठेवला.

दुपारी परातभर मलिदा झाला. अलिबागच्या भाच्यानं फोनवरून प्रार्थना म्हटली, प्रार्थनेला लागतात ते दहा ज्यू पुरुष काही इथं जमणारे नव्हते. लीलानं केळी चिरली, जैनबनं खजूर मांडले, अनिलच्या सदऱ्यावर खोबरं सांडलेलं होतं. दुसऱ्या फोनवर अश्दोदहून दिना, नोआ आणि कापडात गुंडाळलेली ती पोर अशा तिघी दिसत होत्या. राहेलनं पोरीचा रंग पाहिला, नखं दाखवायला लावली, बेंबी विचारली आणि समाधानानं मान हलवली.

मागे अनिल लीलाला सांगत होता, "पण बाई, दुसरे देश एवढं करतात तेव्हा कोणी लिहीत नाही, फक्त यांच्यावरच का?" आणि लीला हातातला सुरा उगारून म्हणत होती, "दुसऱ्यांवर तू लिही ना, तुला कोणी धरलंय?" जैनब दोघांनाही म्हणत होती, आधी खा, मग मरा.

"आई, कोण भांडतंय गं?" दिनानं काळजीनं विचारलं. "सगळं ठीक आहे ना तिकडे?"

"झकास आहे," राहेल म्हणाली. "पोरीला आता दूध पाजा आणि फोन ठेवा. अनिल, थांब, थांब! तिथं माझा एक मुद्दा आहे."