दोन जावांची एक रवण

त्या उन्हाळ्यात मला एकही कोंबडी रवणीला बसवायची नव्हती. अंडी मांडायची, त्यावर कोंबडी बसवायची, तिला रोज उठवून चारायचं, पिल्लं निघाली की मांजर, घार, मुंगूस सगळ्यांशी वैर धरायचं, हे मी लग्न होऊन या गावात आल्यापासून करत आले. नेकनूरच्या बाजूला आमचं गाव. सकाळी घरचं उरकून मी शाळेत पोरांची खिचडी शिजवायला जाते. तिथली पातेली घासून दुपारी परत येते. मालक बीडला कामाला, रविवारी येतात. मुलं पुण्यात. घरी आलं की नुसतं भिंतीला टेकून बसावं वाटतं. त्यात आणखी कुणाला चारायचं, कुणाला राखायचं, हे अंगावर येत होतं.

पण कोंबडीला हे कोण सांगणार? माझी काळी नेमकी तेव्हाच खुडूक झाली. पिसं फुलवून खुराड्यात बसायची, हात घातला की कुर्र करून टोच मारायची. मी तिला गार पाण्यात बुडवलं, पाय बांधून उन्हात ठेवलं. खुडूक मोडायला नाकात पीस घालायची रीत आहे आमच्याकडे, पण ते मला कधी करवलं नाही. दोन दिवस ती अंगणात कुरकुरत फिरली आणि एका संध्याकाळी खुराड्यात आलीच नाही. मुंगसानं नेली असं मी धरून चालले. खरं सांगायचं तर वाईट वाटण्याआधी जरा सुटल्यासारखं वाटलं.

पुढं चार-पाच दिवसांनी मी भांडी घासत होते. भिंतीपलीकडून आवाज आला.

"ऐकतीस का गं? तुझी काळी माझ्या गोठ्यात बसली हाय."

माझ्या हातातली राख तशीच राहिली. आवाज माझ्या थोरल्या जावेचा होता. घर वाटून घेतलं तेव्हा नळ कुणाच्या अंगणात जावा यावरून आमचं वाजलं होतं. भिंत त्यानंतरची. तेव्हापासून आम्ही एकमेकींशी बोललो नव्हतो. थोरले दीर वारले तेव्हा मी गेले, चार दिवस तिथल्या चुलीपुढं राबले, पण आमच्यात शब्द झाला नाही. मी इतर बायांना विचारायची, त्या तिला विचारायच्या.

मी म्हटलं, "येते."

तिच्या अंगणात पाय ठेवताना मला परक्या गावात शिरल्यासारखं झालं. गोठ्यात जनावर उरलं नव्हतं. कोपऱ्यात जुन्या कडब्याच्या पेंढ्या, आणि दोन पेंढ्यांच्या बेचक्यात माझी काळी डोळे ताठ करून बसलेली. मी तिच्या पोटाखाली हात घातला. अंडीच अंडी. सगळी बारकी, तपकिरी. माझ्या काळीचं अंडं पांढरट असतं.

"माझ्या कवडीची हायेत ती," जाऊ म्हणाली. कवडी म्हणजे तिची ठिपक्याठिपक्यांची कोंबडी. "मला दिसत न्हाई म्हणून तिनं हितंच घातली. आता तुझी बसली त्याच्यावर."

तेव्हा मी तिच्याकडं नीट बघितलं. डोळ्याला हिरवा चष्मा होता. मोतीबिंदू काढला होता आणि डॉक्टरांनी वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही असं बजावलं होतं. मुलगा आला, ऑपरेशन झालं, तो परत गेला. हे सगळं भिंतीच्या इकडं मला कळलंच नव्हतं. तिची साडी खांद्यावरून लोंबत होती, इतकी ती वाळली होती.

"उचलून नेते मी हिला," मी म्हटलं.

"उचलू नको. जागा बदलली की उठंल ती. अंडी वाया जातील."

ते मलाही माहीत होतं. म्हणून म्हटलं, "मग तुमी चारा घालताल का?"

"मला वाकायचं न्हाई ना."

झालं. शाळेतून आल्यावर जे भिंतीला टेकणं होतं ते गेलं. रोज दुपारी पलीकडं जायचं, काळीला उचलून बाहेर ठेवायचं, मातीच्या परळात पाणी, मूठभर कणी. ती चार घोट पाणी प्यायची, ढीगभर घाण टाकायची, धुळीत एकदा अंग घोळायची आणि धावत परत. तेवढ्या वेळात मी अंडी उलटीसुलटी करायची. अंड्यांत मी कोळशाचा तुकडा आणि गंजका खिळा ठेवला. ढग गडगडले तर अंडी फुकट जातात, त्याला हा उतारा. जाऊ उंबऱ्यात उभी राहायची. आम्ही बोलत नव्हतो. ऊन इतकं असायचं की बोलायला जीभ उचलत नव्हती.

आठवडाभरानं मी मोबाईलची बॅटरी लावून, डोक्यावर पदर घेऊन, एकेक अंडं उजेडावर धरून बघत होते. मागून तिनं विचारलं, "दिसतंय का काही?"

"शिरा दिसत्यात. लाल."

"सगळ्यांत?"

"दोन गंदी हायेत. बाकी धरलीत."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि थोड्या वेळानं परत म्हणाली, "बरं झालं बाई."

त्यानंतर तिची कवडीही खुडूक झाली आणि आपल्याच अंड्यांवर हक्क सांगायला आली. दोघींची जुंपली, पिसं उडाली. मी कवडीला हाकलायला उठले तर जाऊ म्हणाली, "असू दे. बघू काय करत्यात." दुसऱ्या दिवशी जाऊन बघते तर दोघी एकमेकींना खेटून, तोंडं दोन दिशांना करून, त्याच बेचक्यात बसलेल्या. मला हसूही आलं नाही. मला वाटलं, आता दोघींना उचलायचं.

अंडी फुटायला लागली त्या दुपारी आभाळ आलं. मी शाळेतून येतानाच वारा सुटला होता. घरात पिशवी ठेवते न ठेवते तोच पलीकडून हाक आली. हाक कसली, किंकाळीच.

"पत्रा उडाला गं! पिल्लं!"

मी गेले तेव्हा गोठ्याचा अर्धा पत्रा अंगणात आदळत होता आणि गारा पडायला लागल्या होत्या. जाऊ चष्मा टाकून कडब्यात गुडघ्यावर बसली होती. तिला वाकायचं नव्हतं हे मीच ओरडून सांगितलं, पण तिनं ऐकलं नाही. कवडी घाबरून बाहेर पळाली. काळी मात्र हलली नाही. गारा पाठीवर पडत होत्या आणि ती पंख पसरून तशीच. मी तिला धरलं तर तिनं मनगटाचं कातडं काढलं. तिला डालग्यात घातलं, पिल्लं आणि उरलेली अंडी पदरात घेतली, आणि आम्ही दोघी जावेच्या स्वयंपाकघरात शिरलो.

दार लावल्यावर फक्त पत्र्यावरचा ताशा. चुलीजवळ गोणपाट अंथरून मी काळीला त्यावर सोडली. ती आधी रागानं फिरली, मग पिल्लांचा आवाज ऐकून बसली. एक अंडं अर्धं फुटलेलं होतं. आतलं पिल्लू ओलं, मान टाकलेलं. जावेनं ते कवचासकट हातात घेतलं आणि पोलक्यात छातीशी धरलं. तिच्या केसांतून गारांचं पाणी गळत होतं.

बराच वेळ गेला. मी उठायला लागले आणि नेहमीसारखं तोंडातून 'आई गं' निघालं.

"गुडघं का?" ती म्हणाली.

"तुमाला काय ठाऊक?"

"ऐकू येतंय की. रोज उठताना म्हणतीस. हल्ली लई म्हणतीस."

मीही तिला ऐकतच होते. पहाटेचा खोकला, भाकरीची थापथाप, मग ती थांबलेली, एकाच ताटलीचा आवाज. दीर गेल्यावर ती कधीकधी कुणाशी तरी बोलायची तेही. एवढं सगळं ऐकून मी कधी विचारलं नव्हतं, आणि तिनंही नाही. आताही मी तिला तेवढंच म्हटलं, "च्या ठिवू का?"

"ठिव. साखर वरच्या फळीवर हाय."

पोलक्यातलं पिल्लू चहा होईपर्यंत गेलं. तिनं ते काढून बघितलं, बोटानं चोच उघडून बघितली, आणि पदराच्या टोकानं झाकून बाजूला ठेवलं. रडली नाही. गारा थांबल्यावर मी बाहेर गेले. लिंबाखाली कवडी मरून पडलेली सापडली. ते सांगायला मी परत आत आले तर ती म्हणाली, "कळलं. ती आली असती न्हाईतर."

पुढचे दिवस मला नीट आठवत नाहीत, इतकी मी थकलेली असायची. पत्रा ठोकून घेतला. काळी पिल्लं घेऊन दोन्ही अंगणांत फिरायची, भिंतीच्या खालच्या मोरीतून ये-जा करायची. ऊन वाढलं तशी पिल्लं मरत गेली, काही पांढऱ्या हगवणीनं, एक घारीनं नेलं. हळद घातलेलं पाणी पाजलं, परळं सावलीत ठेवली, गुरांच्या डॉक्टरकडून औषध आणलं. जाऊ दिवसभर उंबऱ्यात बसून ताट वाजवायची आणि घारीला शिव्या द्यायची. तिचा डोळा मात्र बरा झाला, त्या गारांनी काही बिघडलं नाही. शेवटी मूठभर पिल्लं राहिली. कुणाची किती असं मी एकदा विचारलं. अंडी तिची, कोंबडी माझी. ती म्हणाली, "राहू दे. फिरू दे हिकडं तिकडं."

लोकांना वाटतं आमचा समेट झाला. विहारात पौर्णिमेला आम्हाला शेजारी बसलेलं बघून बाया कुजबुजल्या. पण नळाचं आम्ही बोललो नाही, दिरांचं बोललो नाही. आम्ही कोंबड्यांचं बोलतो. दाणे संपले का, कुणाच्या डोळ्याला फोड आला, खुराड्यात पिसवा झाल्या. बाकीचं उकरून काढायला दोघींच्या अंगात आता तेवढा जीव नाही, आणि कोंबड्यांचं बोलून दिवस निघतो.

पिल्लांना तुरे फुटायला लागले तेव्हा काळीनं त्यांना सोडलं. एका दुपारी मी गेले तर ती दाण्याजवळ येईल त्या पिल्लाला टोचून हाकलत होती. एक पिल्लू तरीही परतपरत तिच्या पंखाखाली डोकं घालायला बघत होतं.

"का मारतीया गं पोरांना?" जाऊ म्हणाली. तिचा आवाज एकदम चढला होता.

"मोठी झाली ती, बाई. आता परत अंड्यावर येईल ही."

ती उंबऱ्यातून उठली, सुपातले मूठभर दाणे घेतले आणि त्या एका पिल्लाला लांब, काळीची चोच पोचणार नाही अशा जागी, वेगळे टाकले.