बसलेल्या बैलाचा केक

बाबांच्या सत्तराव्या वाढदिवसाला मी त्यांच्या बैलाचा केक केला. तसं करायला नको होतं असं घरातलं कोणी मला आजवर म्हणालेलं नाही. माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही.

हिंगणघाटला आमच्या दोन खोल्यांच्या घरात मी हौसेनं केक करते. विकत नाही, फक्त आपल्या माणसांसाठी करते. नवरा जिनिंगमध्ये कामाला आहे, म्हणून त्याच्यासाठी एकदा कापसाच्या गाठीचा केक केला होता, वर चॉकलेटच्या पट्ट्या आवळलेला. सासूबाईंसाठी पानाचा डबा केला. तो इतका हुबेहूब जमला की त्यांनी झाकण उघडायला बोट घातलं. अशा वेळी माणूस आधी दचकतो आणि मग हसतो. ते पाहायला मला फार आवडतं.

बाबांची जन्मतारीख एक जुलै. खरी कोणालाच माहीत नाही, शाळेत मास्तरांनी घातली तीच. मोठी आंजी या माझ्या माहेरच्या गावी आमच्या घरी वाढदिवस कधी झालेच नव्हते. म्हणून सत्तरावा तरी धडाक्यात करू, असं मी ठरवलं.

बैल सुचायला वेळ लागला नाही. मी लहान असताना आमच्याकडे एक पांढराशुभ्र, गवळाऊ जातीचा बैल होता. त्याच्या डाव्या शिंगाचं टोक मोडलेलं होतं. बाबा जेवायला बसायच्या आधी त्याच्या तोंडात अर्धी भाकर द्यायचे. मी अकरा वर्षांची असताना एके दिवशी शाळेतून आले, तर गुरांचा कोठा रिकामा होता. बैल साप चावून मेला आणि त्याला वावराच्या धुऱ्यावर, बांधावरच्या बोरीखाली पुरलं, असं बाबांनी सांगितलं. मी दोन दिवस जेवले नव्हते. पुढं दर पोळ्याला मी त्या बोरीखाली हळद-कुंकू वाहत आले. लग्न झाल्यावरही पोळ्याला माहेरी गेले की जायचेच.

उभा बैल केकमध्ये टिकत नाही, म्हणून मी तो बसलेला केला. बाबांना अंडं चालत नाही, तेव्हा दही घालून स्पंज केला. आईला बाजारचा रंग आवडत नाही, म्हणून आत बीटाचा रस घातला. वरून पांढरं क्रीम, गळ्यात बुंदीची घुंगरमाळ. शिंगं मिल्क पावडर आणि पिठीसाखरेची. डाव्या शिंगाचं टोक मी मुद्दाम मोडलं. गाडीत हिंगणघाटहून वर्धेमार्गे आंजीपर्यंत खोका मांडीवर घेऊन बसले होते. हात अवघडले, पण मनात मी बाबांचा चेहराच बघत होते.

खोका उघडला. बाबा पुढे वाकले. त्यांचं बोट मोडक्या शिंगाशी जाऊन थांबलं.

"हे कोणी सांगतलं तुले?"

"कोण सांगणार, बाबा? मले आठवते ना."

नवऱ्यानं त्यांच्या हातात सुरी दिली. "कापा मामाजी. केकच तर आहे."

बाबांनी सुरी ताटात ठेवली. "माह्याच्यानं नाई होणार."

सगळे हसले. मीही हसले. आबाजी लाजतात असं माझ्या सात वर्षांच्या मुलीला वाटलं असावं. तिनं सुरी उचलली आणि कोणी काही म्हणायच्या आत बैलाच्या मानेत घातली. पांढरं क्रीम फाटलं आणि आतून लालभडक बीट दिसलं.

हसणं जागच्या जागी थांबलं. स्वतःच्या हातानं बीट पिळताना हे माझ्या एकदाही डोक्यात आलं नव्हतं. मुलीनं सुरी तशीच सोडून दिली आणि माझ्याकडे पाहिलं. बाबा उठले आणि मागच्या दारानं बाहेर गेले.

मी त्यांच्यामागे गेले. जुन्या कोठ्यात आता ट्रॅक्टर असतो. त्याच्या चाकाला टेकून ते उभे होते.

"बाबा, चुकलंच माहं. माह्या ध्यानातच नाई आलं."

"तुहं काई चुकलं नाई." चाकाला चिकटलेला चिखल त्यांनी नखानं काढला. "तो मेला नोता, बाई. मी विकला त्याले."

ते काय म्हणतात तेच मला आधी समजलं नाही.

"साप चावला होता ना?"

"कोणता साप? पायानं अधू झाला होता. औताले चालत नोता. गुरांचा व्यापारी आला, त्याच्या गाडीत चढवून देला. तू शाळेत होती."

"मग बोरीखाली?"

"काई नाई तिथं."

मी ट्रॅक्टरचा पत्रा धरला. आई दारात येऊन उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं, आणि तिला हे सगळं ठाऊक होतं हे मला तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

"मी दर वर्षी तिथं जात होती, आई. तू तर हळद-कुंकवाचं ताट भरून देत होती."

"काय सांगू तुले?" आई म्हणाली. "तू जेवत नोती. मग वर्सं निघून गेली."

मी आत येऊन केक स्वयंपाकघरात नेला आणि त्याचे चौकोनी तुकडे केले, बैल ओळखू येणार नाही इतके. आईनं ते डब्यात भरून शेजारच्या पोरांना दिले. आम्ही मात्र कढी-भात खाऊन संध्याकाळी परतलो. वाटेत मुलीनं विचारलं, "आबाजी माझ्यावर रागावले का?" नाही म्हणायला मला एक गाव ओलांडावं लागलं.

त्या वर्षी पोळ्याला मी आंजीला गेले नाही. फोन आला की मुलीकडे देत होते. महिनाभरानं एका दुपारी बाबांनी फोन केला आणि मलाच बोलवायला सांगितलं.

"एक सांगाचं राह्यलं होतं," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशी मी एसटीनं कारंज्याले गेलतो. गुरांचा बजार सगळा पाह्यला. त्याले वापस आणतो म्हटलं. नाई दिसला."

"आईले मालूम आहे?"

"नाई. कोणालेच नाई सांगतलं."

त्या दिवशी ते उशिरा घरी आले होते, हे मला आठवलं. मी न जेवता अंथरुणात पडून होते आणि ते जवळ येऊन बसले होते. त्यांच्या कपड्यांना धुळीचा वास येत होता. ते बोरीखाली बैलावरची माती नीट करून आले आहेत, असंच मी इतकी वर्षं धरून चालले होते.

"तब्येत कशी आहे, बाबा?" मी विचारलं.

"बरी आहे," ते म्हणाले. "सोयाबीनले शेंगा भरल्या."