मागच्या खोलीचे स्टोअरकीपर

माझे सासरे, म्हणजे आमचे बाबा, चौतीस वर्षं पंपांच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. सहा वर्षांपूर्वी कारखान्यातून निवृत्त झाले. स्टोअरकीपरी मात्र चालूच आहे. आमच्या घरात सुई घेतली तरी कुणी, कशाला आणि कधी परत करणार हे सांगावं लागतं. जित्याची खोड ती, जायची कशी?

म्हणून माझ्या दोन मुलींतल्या मोठीला शाळेतून काढून घरीच शिकवायचं ठरलं आणि बाबा म्हणाले, "मागची खोली मी लावून देतो," तेव्हा मला आनंद झाला आणि धडकीही भरली.

मोठी सहा वर्षांची. हळू लिहिते म्हणून शाळेतल्या बाईंनी तिची वही सगळ्या वर्गाला दाखवली होती. वर्ग खो खो हसला. त्या दिवसापासून तिने पेन्सिलीला हात लावला नव्हता. वाचायची, बडबडायची, गोष्टी रचायची. पेन्सिल पुढे केली की अळीमिळी गुपचिळी. नवऱ्याने मला उन्हाळ्याची सुट्टी संपेपर्यंतची मुदत दिली होती. तोवर तिने लिहिलं नाही, तर परत त्याच शाळेत. तो काही वाईट नाही, घाबरला होता. घाबरले मीही होते, पण मी घाबरले की भांडते.

बाबांनी आठ दिवस खोलीचं दार लावून घेतलं. नवव्या दिवशी उघडलं, तर मी बघतच राहिले. खिडकीखाली दोन बुटकी टेबलं, लागू नयेत म्हणून कोपरे घासून गोल केलेले. धाकटीचा हात पोचेल अशी फळी, तिच्यावर बरण्यांमध्ये मणी, बटणं, खडू आणि पेन्सिली. समोरच्या भिंतीवर पांढरा रंग दिलेलं भलंमोठं प्लायवूड. त्यावर खिळ्यांना कात्री, पट्टी, ब्रश, गोंदाची बाटली टांगलेली आणि प्रत्येक वस्तूमागे तिचाच आकार काळ्या रेघेने आखलेला. कारखान्यात हत्यारं अशीच टांगतात. एखादं जागेवर नसलं की रिकामा आकार लांबूनच दिसतो.

या कौतुकात दारावरच्या कागदाकडे माझं लक्षच गेलं नाही. त्यावर लिहिलं होतं, 'चिठ्ठीशिवाय कोणतीही वस्तू मिळणार नाही.'

"बाबा, धाकटी चार वर्षांची आहे हो!"

"तिची चिठ्ठी तू लिही. मोठी आपली आपण लिहील. अडलं की माणूस लिहितो, सूनबाई."

रोज नऊच्या ठोक्याला बाबा दाराशी स्टूल टाकून बसू लागले. मोठी टेबलापाशी हात मांडीवर ठेवून बसायची. तिने काही मागितलं नाही, बाबांनी काही दिलं नाही. दोघंही सारखेच हट्टी. धाकटीने पहिल्याच दिवशी कंटाळून स्वयंपाकघर गाठलं आणि माझ्या डब्यांची झाकणं वाजवत बसली. हळूहळू मोठीही तिच्या मागोमाग येऊ लागली.

पंधराव्या दिवशी जेवताना बाबा खुशीत म्हणाले, "साठा पूर्ण! पंधरा दिवसांत खोडरबरसुद्धा इकडचं तिकडे नाही. चौतीस वर्षांत मला हे कधी जमलं नव्हतं."

माझं डोकंच फिरलं. "कुणी हात लावला तर हलेल ना! तुमच्या कारखान्यात रोज पंप बनत होते, म्हणून स्टोअरमधून माल जायचा. इथे कुठे पंप बनतोय, बाबा?"

बोलून गेले आणि जीभ चावली. बाबांचा घास हातातच राहिला. तो ताटात ठेवून हळूच म्हणाले, "म्हणजे स्टोअर भरलेलं आणि कारखाना बंद."

दुसऱ्या दिवशी दारावरचा कागद गायब होता. स्टुलावर मोठी बसली होती, गळ्यात बाबांच्या किल्ल्यांचा जुडगा. बाबा बाहेर रांगेत उभे. रांगेत ते एकटेच.

"आजपासून स्टोअर हिच्या ताब्यात. मी साधा कामगार. बाई, एक कात्री मिळेल का?"

"कशाला?"

"मिशी कापायला."

ती खुदकन हसली आणि तिने टाचा उंचावून कात्री काढून दिली. बाबा दोन पावलं गेले आणि वळून म्हणाले, "रिकाम्या जागेवर नेणाऱ्याचं नाव लागतं बरं का. नाहीतर वस्तू स्टोअरकीपरनेच हरवली म्हणतात." आणि निघून गेले.

मी शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते, तिथून सगळं दिसत होतं. मोठी त्या रिकाम्या आकाराकडे बघत बसली. मग उठली, बरणीतून पेन्सिल काढली, स्टूल भिंतीशी ओढलं आणि त्यावर चढली. कात्रीच्या आकारात तिने लिहिलं, 'आजोबा'. फार हळू लिहिलं. घाई करायला कुणी नव्हतंच. मी तोंडावर हात दाबून रडले, धुतलेल्या टॉवेलाने डोळे पुसले आणि तो पुन्हा धुवायला टाकला.

त्या दिवशी बाबांनी पट्टी नेली, ब्रश नेला, गोंद नेला. परत काहीच आणलं नाही. "आधीचं कुठेय?" म्हणून मोठी ओरडली, तर म्हणाले, "हरवलं बहुतेक." तिने चारही नावांखाली 'हरवलं' असं लिहून टाकलं. संध्याकाळी नवरा त्या भिंतीपुढे कितीतरी वेळ उभा राहिला. शाळेचं नाव त्याने काढलं नाही.

जेवायला बोलवायला मी बाबांच्या खोलीत गेले. चारही वस्तू उशीखाली, ओळीने लावलेल्या.

"बाबा, आता द्या की परत. बिचारी सगळीकडे शोधतेय."

"मुळीच नाही," बाबांनी उशी नीट केली. "स्टोअरकीपर जाम चिडलीये. उद्या मला चांगला पानभर मेमो येणार आहे."